दहावी धून

४ फेब्रुवारी

बुटके,

आली एकदाची. चार वर्षं तंगवून चारतारेने नवी रेकॉर्ड काढली. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं "हो गं, हो गं" करतेस आणि मागे भांडी घासल्याचा आवाज येतो. शिवाय दोन वाक्यं झाली की आपण भांडतो. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

काल बेकरीच्या माडीवर आमचं सगळं श्रोते मंडळ जमलं होतं. आमचा रिवाज तुला माहीत आहे, पण तू दर वेळी विसरल्याचं सोंग करतेस म्हणून पुन्हा सांगते. नवी रेकॉर्ड आली की पाकीट उलटं ठेवायचं. त्यावरची नावं कुणी वाचायची नाहीत. दिवे मालवून सगळी रेकॉर्ड सलग ऐकायची, आणि मग प्रत्येकाने चिठ्ठीवर एकेका धुनेला आपल्या मनाने नाव द्यायचं. चिठ्ठ्या वाचून झाल्या की मगच पाकीट सरळ करायचं. बाहेरगावच्यांनी चिठ्ठी पोस्टाने धाडायची, आणि ती येईपर्यंत त्यांना कुणी काही सांगायचं नाही. बाहेरगावची सभासद तू एकटीच आहेस, आणि तीही मी मानगूट धरून केलेली.

म्हणून मी आज तोंडाला कुलूप लावलंय. एवढंच सांगते की चौथ्या धुनेनंतर टॅक्सीवाला उठून जिना उतरून गेला, आणि गणिताच्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. बाकी तुझी चिठ्ठी आली की सविस्तर. तुझे भावोजी म्हणतात, रेकॉर्ड आल्यापासून हिने एका म्हाताऱ्याच्या कवळीला खालचे दात वर लावले. खोटं आहे. फक्त एक दाढ लावली होती, आणि ती मी काढली.

मंगळवार बाजारातल्या दुकानात जा, रेकॉर्ड आण, डोळे मिटून ऐक आणि चिठ्ठी धाड. त्याच्या युकुलेलीला पुन्हा खेळण्यातली गिटार म्हणालीस तर बघ.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. उशीर झाला, रागावू नकोस. दवाखान्यात आमची एक जण बाळंतपणाच्या रजेवर गेलीय, त्यामुळे तिचेही हात माझ्याच गळ्यात. हात म्हणजे पेशंटांचे. सकाळपासून गरम मेणाच्या भांड्यात लोकांचे पंजे बुडवायचे, बाहेर काढायचे, बोटं एकेक करून वाकवायची. तू दिवसभर मेणात दात बसवतेस आणि मी मेणात हात बुडवते. आईने दोघींना एकाच दुकानात बसवलं असतं तरी चाललं असतं.

तू सरळ केलेला माझा कोपर थंडीत अजून कुरकुरतो, बाकी ठीक. घर ठीक. धाकटीला वरचे दोन दात आले, तुझ्या धंद्याला हातभार.

चिठ्ठी सोबत जोडते. मला सुरातलं काही कळत नाही हे तूच मला लहानपणापासून सांगत आलीस, तेव्हा हसू नकोस. पहिली "खिडकी पुसताना". दुसरी "उशिरा उठलेली बाई". तिसरी "पायऱ्या". चौथी "थांब जरा". पाचवी आणि सहावी मला सारख्याच वाटतात, "मावशी" आणि "दुसरी मावशी". सातवी "ओला टॉवेल". आठवी "कुणी दार वाजवलं". नववी "झोप". दहावी "पळता भुई थोडी".

झालं समाधान? आणि एक सांगू का, चौथीवरून कुणी उठून गेलं हे बरं नाही झालं. मला तर तीच सगळ्यांत आवडली.

तुझी,
बुटकी


२३ फेब्रुवारी

आदरणीय बाईसाहेब,

स. न. वि. वि. आपल्या धाकट्या बहिणीला मी स. न. वि. वि. लिहितेय, यावरूनच काय ते समज.

आधी मंडळाचं सांगते, कारण रिवाज म्हणजे रिवाज. चिठ्ठी आली, आता बोलायला मोकळी.

रेकॉर्डने सगळ्यांची निराशा केली. तुला ठाऊक आहे की चारतारेची प्रत्येक रेकॉर्ड एका सुसाट धुनेवर संपते. चार तारांचं ते एवढंसं वाद्य, आणि हा माणूस त्यावर असा सुटतो की ऐकणाऱ्याला धाप लागते. बेकरीवाला त्या धुनेसाठी मधली टेबलं बाजूला सरकवून ठेवतो, कारण त्याच्या बायकोला तेव्हा नाचायचं असतं. या वेळीही सरकवली होती. शेवटची धून वाजली, संपली, सुई कडेला जाऊन खरखरायला लागली. बेकरीवाल्याची बायको तशीच मधोमध उभी. मग ती म्हणाली, "मी चहा ठेवते." ती जिना उतरून गेली तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.

पाकीट सरळ केलं तर त्यावर नावंच नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी, असे नुसते आकडे. आम्ही माणशी एकेक चिठ्ठी भरून नावं दिली आणि या माणसाने बारसंच केलेलं नाही. सलूनवाला म्हणाला की चारतारे आता आपल्याला गिऱ्हाईक समजायला लागला.

आणि ती चौथी. एक म्हणतो, दोन म्हणतो, आणि मग त्या दोनावरच घुटमळत बसतो. पुन्हा तेच, पुन्हा तेच, हळू, आणखी हळू. तीन येतच नाही. येतो तेव्हा ऐकणाऱ्याने आशा सोडलेली असते. गणिताच्या बाईंनी चिठ्ठीवर "चुकलेलं उत्तर" असं लिहिलं. टॅक्सीवाला परत वर आल्यावर म्हणाला की इतका वेळ मी सिग्नललासुद्धा थांबत नाही. मी स्वतः "आळस" असं नाव दिलंय आणि ते मागे घेणार नाही. वीस वर्षं या माणसाचं बोट न् बोट ओळखते मी. तो आळशी झालाय, नाहीतर कुणाच्या तरी नादी लागलाय.

आता तुझ्या चिठ्ठीकडे येते. सगळ्यांसमोर मीच वाचली. "दुसरी मावशी"ला सलूनवाला हसला. नववीपर्यंत आले. मग दहावी वाचली.

बुटके, रेकॉर्डवर नऊच धुना आहेत.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तिला मोजता येत नाही, लहानपणापासूनची खोड आहे. पण मला माहीत आहे की तुला मोजता येतं. आणि "पळता भुई थोडी" हे नाव कुणी झोपाळू धुनेला देत नाही. ते सुसाट धुनेचं नाव आहे. म्हणजे ती धून आहे. तो वाजवतो. आम्हाला देत नाही आणि तू ती ऐकलीस.

कुठे ऐकलीस?

तुझी मोठी बहीण


२ मार्च

ताई,

काय गं हे, एवढं काय झालं. माझ्याच हातून काहीतरी घोळ झाला. घरात पोरं, गॅसवर दूध, त्यात कुठलीतरी धून दोनदा लागली असेल आणि मी दोनदा लिहिली असेल. "पळता भुई थोडी" माझ्या स्वतःच्या अवस्थेवरून सुचलं. चिठ्ठी फाडून टाक, मी नवी धाडते. तुझ्या मंडळात मला एवढं मानाचं पान नको.

पण तुझं पत्र वाचून मला रागही आला, तो सांगून टाकते. एका चिठ्ठीवरून तू मला बाईसाहेब केलंस. माझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तू कुठे होतीस ते आठव. चारतारेची मैफल होती. मेंदी लावायला मावशी बसली, तू नव्हतीस. पहिलटकरीण म्हणून माहेरी आले तेव्हा तू माझ्या पोटाला त्याच्या रेकॉर्डी ऐकवायचीस, मला कसं वाटतंय हे विचारायची नाहीस. मी त्या माणसावर इतकी वर्षं जळतेय. त्याने काहीच केलं नाही, फक्त चार तारा छेडल्या, आणि माझी बहीण घेऊन गेला. त्याच्या वाद्याला खेळण्यातली गिटार मी उगाच म्हणत नव्हते.

असो. लिहून झालं. भावोजींना नमस्कार.

बुटकी


९ मार्च

बुटके,

घोळ म्हणे. मंगळवार बाजारातल्या दुकानात मी फोन केला. तिथल्या मुलीने सांगितलं की तुमची बहीण फिरकलीसुद्धा नाही, बाजूला ठेवलेली प्रत तशीच पडून आहे. म्हणजे तू रेकॉर्ड विकतच घेतलेली नाहीस. आणि तरी तुझी आठवी "कुणी दार वाजवलं" आहे, आणि आठव्या धुनेत खरंच तो युकुलेलीच्या लाकडावर बोटाने टकटक करतो. रेकॉर्ड न घेता ऐकलीस. दोनदा लागली म्हणे. चारतारे तुझ्या गॅसजवळ बसून वाजवत होता काय?

मी रात्रभर तळमळले आणि मग सगळा हिशोब लागला. तो तुमच्याच गावात राहतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. गेल्या पावसाळ्यापासून तू संध्याकाळी घरी नसतेस, फोन केला की तुझा नवरा म्हणतो, "ती एका पेशंटकडे गेलीय." कसला पेशंट असतो गं जो दवाखान्यात येत नाही? चार वर्षं रेकॉर्ड नाही, मग अचानक ही अशी मऊ, पेंगुळलेली रेकॉर्ड. माणूस असा कधी वाजवतो ते मला कळतं. आणि सुसाट धून कुणा एकीसाठी राखून ठेवतो, तेही कळतं. तुझा नवरा भोळा आहे. मी नाही.

मला काय झोंबलं ते स्पष्टच सांगते. चारित्र्याचं मी बोलत नाहीये, ते तुझं तू बघ. मला हे झोंबलं की तू. जिला सा आणि सायकलची घंटा यातला फरक कळत नाही, ती तू. मी त्याला बारा पत्रं लिहिली असतील, एकाचं उत्तर नाही. एकदा सही घ्यायला पावसात उभी राहिले, माझ्या हातात रेकॉर्ड नव्हती, पिशवीत एका गिऱ्हाइकाच्या खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. तोच पुढे केला. त्याने हसून त्यावर सही केली. त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाला मी दुसऱ्यांदा माप द्यायला बोलावलं, पण तो साचा दिला नाही. अजून माझ्या कामाच्या टेबलावर आहे. एवढंच मिळालं मला, कुणा परक्याच्या जबड्यावर एक सही. आणि तुला दहावी धून मिळते, घरबसल्या, न मागता, आणि तू तिला ओल्या टॉवेलाच्या शेजारी बसवतेस.

तर आता ऐक. मंडळाचं पत्रक या महिनाअखेरीला निघतं, ते मी लिहिते. देशभरातल्या आणि देशाबाहेरच्याही मंडळांना जातं, ते पुढे वाटतात. मी त्यात लिहिणार आहे की सुसाट धून अस्तित्वात आहे, चारतारेने ती ऐकणाऱ्यांपासून लपवली आहे, आणि हे मला खात्रीने माहीत आहे कारण माझ्या सख्ख्या बहिणीने ती त्याच्या तोंडून, म्हणजे त्याच्या बोटांतून, ऐकली आहे. त्याला जाब विचारू दे सगळ्यांना. तुलाही.

ताई


१३ मार्च

ताई,

छापू नकोस.

कारण मला सांगता येत नाही. तू मनात जे मांडलंयस ते नाही, एवढं माझ्या पोरांची शपथ घेऊन सांगते. पण काय आहे ते मी तुला सांगू शकत नाही. तुलाच काय, मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पत्रकात माझं नाव, बहीण एवढं जरी आलं, तरी लोक शोधत येतील, मी काय काम करते ते विचारतील, आणि दुसऱ्या दिवशी माझी नोकरी जाईल. नुसती ही नोकरी नाही, हे कामच पुन्हा कुणी मला करू देणार नाही. पंधरा वर्षं शिकून, घासून उभं केलेलं एवढंच माझं स्वतःचं आहे.

आणि माझ्यापेक्षा जास्त एका माणसाचं जाईल.

चूक माझी झाली. मी आळशीपणा केला. रेकॉर्ड ऐकायला वेळ नव्हता म्हणून आठवणीतून चिठ्ठी भरली, तुला बरं वाटावं म्हणून. दहावी रेकॉर्डवर असेल असंच मला वाटलं होतं. ती काढून टाकलीय हे मला तुझ्या पत्रातून कळलं, आणि कळल्यावर मी दवाखान्याच्या मोरीत जाऊन रडले. का रडले ते विचारू नकोस.

तू इतकी वर्षं मला चिडवलंस, मारलंस, माझ्या वेण्या घट्ट घातल्यास, पण कधी मला उघडं पाडलं नाहीस. आताही पाडू नकोस.

बुटकी


२६ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्रक छापून झालं असेल. रोज सकाळी दवाखान्याचं दार ढकलताना वाटतं, आज मोठ्या बाई आत बोलावतील. अजून बोलावलं नाही. फोन केला तर तू उचलत नाहीस, भावोजी म्हणतात ती लॅबमध्ये आहे, आणि मागून तुझाच खोकला ऐकू येतो.

मी तुला कुणाबद्दल काही सांगणार नाही. फक्त माझ्या कामाबद्दल लिहिते, ते कुणालाही लिहिता येतं.

हाताचं दुखणं घेऊन माणसं येतात तेव्हा त्यांना दुखण्याची भीती नसते, पुढच्या क्षणाची असते. बोट इथपर्यंत वाकतं आणि आता याच्या पुढे काय होईल, या धसक्याने ते आखडून घेतात. त्यांना पुढे न्यायचं तर काहीतरी युक्ती लागते. मला शिकवताना कुणी ती सांगितली नव्हती. मला ती आधीपासून येत होती. मी दुसरीत असताना भिंतीवरून पडले, कोपर मोडला, प्लास्टर निघालं तरी हात वर जाईना. तू रोज शाळेतून आलीस की मला ओट्यावर बसवायचीस आणि माझा हात धरून वर न्यायचीस. तीनवर सोडते, म्हणायचीस. एक. दोन. आणि मी ओरडायला लागले की तू म्हणायचीस, "अजून दोनच. अजून दोनच चाललंय गं. कुठे तीन झालेत? अजून दोनच." मी त्या दोनावर विश्वास ठेवून बसायची, आणि हात कधी वर पोचला ते मला कळायचंही नाही. मग तू एकदम म्हणायचीस, तीन.

मी आजही प्रत्येक पेशंटला असंच फसवते. काही जण हसतात. एक जण म्हणाला, हे मोजणं कुठे शिकलात, मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, माझी थोरली बहीण आहे, तिचं आहे. तो म्हणाला, तिला सांगा. मी म्हटलं, ती माझं ऐकत नाही.

काही हात पुरते बरे होतात. काही इतपतच होतात की सावकाश जे करायचं ते सगळं करता येतं, पण पळता येत नाही. माणूस मग रोज एकदा पळून बघतो. मला समोर बसवून बघतो. दर वेळी मधेच अडखळतो आणि पुन्हा सुरुवात करतो. ते शेवटपर्यंत कुणीच ऐकलेलं नसतं, ताई. मीही नाही.

छापलं असशील तर छापलं. मी रागावलेली नाही, फक्त घाबरलेय.

तुझी,
बुटकी


६ एप्रिल

माझे बुटके,

तुझं पत्र आलं तेव्हा मी लॅबमध्ये कुणा बाईच्या वरच्या ओळीला गुलाबी हिरड्या बसवत होते. हात मेणाने भरलेले, म्हणून पाकीट दाताने फाडलं. माझ्याच दाताने. वाचलं. मग मशीन बंद केलं आणि तशीच ॲप्रन घालून घरी आले.

चौथी लावली.

एक. दोन. आणि मग ते घुटमळणं सुरू झालं. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. अजून दोनच. अजून दोनच चाललंय गं. बुटके, मला तुझा तो एवढासा घामेजलेला हात माझ्या हातात आल्यासारखा वाटला. काटकुळा, कोपरापाशी सुजलेला, आणि त्यावर तुझी सगळी शाळेची शाई. तीन आला तेव्हा माझा स्वतःचा हात डोक्याच्या वर होता. तुझे भावोजी दारात उभे. त्यांना वाटलं मी वरच्या फळीवरचा डबा काढतेय.

मी त्या धुनेला आळस म्हटलं. वीस वर्षं बोट न् बोट ओळखते म्हटलं, आणि माझीच मोजणी माझ्या कानाला ओळखू आली नाही. माझ्या डोक्यात तू आणि तो सोडून दुसरं काही शिरायलाच तयार नव्हतं. मी कुठलंही नाव घेत नाही, घेणारही नाही. मी एका रेकॉर्डबद्दल लिहितेय, आणि रेकॉर्डबद्दल कुणालाही लिहिता येतं.

आता पत्रकाचं. छापून झालं होतं. तुझं आधीचं पत्र, ते "छापू नकोस", वाचूनही मी छापलं, हे तुला कळायला हवं. मी इतकी जळत होते. त्या पत्रात तू म्हणालीस की एका माणसाचं जास्त जाईल, आणि मला तेवढंच दिसलं की तुला माझ्यापेक्षा त्याची काळजी. गठ्ठे बेकरीत खाली मैद्याच्या पोत्यांवर पडले होते, दुसऱ्या दिवशी सलूनवाला पोस्टात नेणार होता. मी चौथी ऐकली आणि तशीच, ॲप्रनसकट, बेकरीत गेले. बेकरीवाला पाव भट्टीत सारत होता. मी म्हटलं, सरक. एकेक गठ्ठा आत घातला. तो बघत राहिला. शेवटचा गठ्ठा गेल्यावर म्हणाला, "आज पावाला शाईचा वास येणार." आणि आला. गिऱ्हाइकांनी तक्रार केली. मी स्वतः चार लाद्या विकत घेतल्या आणि तुझ्या भावोजींना न्याहारीला तोच पाव दिला, बिचाऱ्यांनी चहात बुडवून संपवला.

पत्रक निघालं, पण एकाच पानाचं. त्यात दहाव्या धुनेचा शब्द नाही, कुणा बहिणीचा नाही. फक्त एवढंच लिहिलं की चौथी धून चुकलेली नाही, ती ऐकण्याची रीत वेगळी आहे. गणिताच्या बाई लगेच माडीवर आल्या. म्हणाल्या, सिद्ध करा. मी म्हटलं, बाई, मोजू नका, हात खाली सोडा आणि धुनेबरोबर वर न्या. दिवे मालवले. सगळं मंडळ अंधारात उभं, गणिताच्या बाई, सलूनवाला, टॅक्सीवाला, बेकरीवाला आणि त्याची बायको. सगळे हात वर नेतायत. बेकरीवाल्याचा उजवा खांदा दोन वर्षं धरलाय, पाव वरच्या फळीवर ठेवता येत नाही. तीन आला तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अहो, तुमचा हात बघा." टॅक्सीवाल्याने ती धून पुन्हा लावायला सांगितली. गणिताच्या बाईंनी आपली चिठ्ठी मागून घेतली आणि "चुकलेलं उत्तर" खोडून कोरी ठेवली. मी "आळस" खोडलं. नवं नाव लिहिलेलं नाही. ते मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे, पुरे झालं.

हेवा गेला म्हणशील, तर नाही गेला. खोटं कशाला लिहू. आता निराळाच वाटतो. तू रोज संध्याकाळी त्या अडखळण्यासमोर बसतेस आणि उठून जात नाहीस, याचा वाटतो. मी वीस वर्षं टाळ्या वाजवल्या. पण एकदा तीन यायला उशीर झाला, आणि त्याला आळस म्हणणारी मीच. त्याला तुझ्यासारखं कुणी भेटलं, आणि मला वाटलं होतं की मी त्याची सगळ्यांत जुनी ऐकणारी. तुझ्या लग्नाच्या मेंदीचंही वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. त्यावर समोर आलीस की बोलेन.

तो प्लास्टरचा जबडा मी कागदात गुंडाळून पार्सलने धाडतेय. सही पुसू देऊ नकोस. कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, द्यायचा की नाही, ते तुझं तू ठरव. उत्तर येणार नाही, त्याची मला सवय आहे.

सुट्टी मिळाली की ये. पोरांना घेऊन ये, नाहीतर एकटी ये. ओटा तोच आहे, फक्त त्याच्यावर नवी फरशी बसवलीय. तुझा कोपर कुरकुरतो म्हणालीस, तो दाखव मला. मी काही घाई करणार नाही. अजून दोनच चाललंय, तू येईपर्यंत दोनच राहील.

तुझी,
ताई